पडकं राखायचं ठरवलेलं शहर

हायडेलबर्गच्या फोटोत बहुतेक वेळा तीनच गोष्टी असतात. खाली नेकार नदी, तिच्यावर तांबड्या दगडाचा कमानींचा पूल आणि डोंगराच्या अंगावर छप्पर उडालेला किल्ला. बघणाऱ्याला वाटतं, मध्ययुग इथं जसंच्या तसं राहून गेलंय. प्रत्यक्षात जुन्या गावातली जवळजवळ सगळी घरं १६९३ नंतर बांधलेली आहेत. पूल १७८८ चा, आणि त्याचेही काही भाग १९४५ नंतर नव्यानं उभे केलेले. किल्ल्याचा जो भाग सगळ्यात धडधाकट दिसतो, त्याच्या आतली दालनं १९०० च्या सुमाराची. विद्यापीठ मात्र खरोखर १३८६ चं, आजच्या जर्मनीतलं सगळ्यात जुनं. पण त्याची 'जुनी इमारत' म्हणून जी दाखवतात ती अठराव्या शतकातली.

म्हणून या गावात फिरताना 'हे किती जुनं?' असं विचारत बसण्यात फारसा अर्थ नाही. हे कधी मोडलं, आणि मोडल्यावर लोकांनी काय करायचं ठरवलं, हे विचारत चाललं की दगड बोलायला लागतात. दर वेळी वेगळं ठरलं. कुठे जुन्या पायावर नवं बांधलं, कुठे पडकं तसंच राखलं, तर कुठे गेलेली वस्तू परत मिळवण्यासाठी शतकं घालवली.

आधी मोडण्याचं कारण सांगायला हवं, कारण त्याशिवाय किल्ला कळत नाही. हायडेलबर्ग ही पॅलॅटिनेट या जर्मन संस्थानाच्या इलेक्टरांची राजधानी. इलेक्टर म्हणजे जर्मन सम्राट निवडण्याचा अधिकार असलेले मोजके राजे. इथल्या राजकन्येचं, एलिझाबेथ शार्लोटचं, १६७१ मध्ये फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या भावाशी लग्न झालं. घरात तिला लिझेलोटं म्हणत. १६८५ मध्ये तिचा भाऊ निपुत्रिक वारला आणि लुईनं भावजयीच्या नावानं या प्रदेशावर हक्क सांगितला. तिनं स्वतः असा हक्क कधी मागितला नव्हता. पुढच्या युद्धात फ्रेंच सैन्य दोनदा आलं, १६८९ मध्ये आणि १६९३ मध्ये. पहिल्या खेपेला माघार घेताना शत्रूच्या हाती काही कामाचं लागू नये म्हणून किल्ल्याला आग लावली, बुरूज सुरुंगानं उडवले. दुसऱ्या खेपेला गावच जाळून टाकलं. आपलं माहेर आपल्याच नावावर बेचिराख होतंय, हे दुःख लिझेलोटंनं व्हर्सायहून लिहिलेल्या पत्रांत पुन्हा पुन्हा येतं.

त्या आगीतून वाचलेलं एक घर बघायचं असेल तर बाजारचौकात या. पवित्र आत्म्याच्या चर्चसमोर 'हाउस झुम रिटर' उभं आहे, म्हणजे सरदाराचं घर. शार्ल बेलिए नावाच्या कापड व्यापाऱ्यानं ते १५९२ मध्ये बांधलं. कॅल्व्हिनपंथी, म्हणजे प्रॉटेस्टंटांच्या एका पंथाचा, असल्यामुळे छळाला कंटाळून आश्रयाला आलेल्यांपैकी तो होता. घराचा दर्शनी भाग पूर्ण दगडी आणि कोरीव कामानं भरलेला. खिडक्यांमधल्या पट्ट्यांवर बेलिए आणि त्याच्या बायकोचे अर्धपुतळे आहेत. बायबलमधलं एक वचनही कोरलेलं आहे: देवानं घर बांधलं नाही तर बांधणाऱ्यांचे कष्ट फुकट. भोवतालची सगळी घरं जळून गेल्यावर हे वचन एकट्या याच घराच्या कपाळावर शिल्लक राहावं, हे वाचताना अंगावर काटा येतो. गाव उद्ध्वस्त झाल्यावर काही वर्षं नगरपालिका याच घरात भरत असे. आता तिथं हॉटेल आहे.

बाकीचं गाव पुन्हा उभं राहिलं ते जुन्याच पायांवर. नकाशा बदलला नाही. म्हणून आजही मधून एकच लांब मुख्य रस्ता जातो, सुमारे दीड किलोमीटरचा, हाउप्टस्ट्रासे, आणि त्याला दोन्ही बाजूंनी काटकोनात अरुंद बोळ फुटतात, एका बाजूचे नदीकडे आणि दुसरीकडचे डोंगराकडे. रस्ते मध्ययुगीन आणि घरं बरोक, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातल्या शैलीची, असा हा मेळ आहे. या मुख्य रस्त्यावर दुकानांचीच गर्दी असते. गाव बघायचं असेल तर दर दोन-तीन बोळांनंतर एकात शिरावं, नदीपर्यंत जावं आणि पुढच्या बोळानं परत यावं. घरांच्या दारांवरचे कमानीतले दगड, कोपऱ्यावर उंच कोनाड्यात बसवलेल्या मेरीच्या मूर्ती, तळघराच्या ठेंगण्या खिडक्या हे सगळं बोळांतच दिसतं. मेरीच्या मूर्ती इतक्या का, याचं उत्तरही इतिहासातच आहे. गाव प्रॉटेस्टंट, पण १६८५ नंतर गादीवर कॅथलिक घराणं आलं, आणि नव्यानं बांधलेल्या गावावर आपली खूण उमटवायला त्यांनी जेझुइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांना बोलावलं.

आता किल्ला. खालच्या धान्यबाजाराच्या चौकातून, कोर्नमार्क्टमधून, दोरीची रेल्वे वर जाते. किल्ल्याच्या तिकिटातच तिचा खालचा टप्पा धरलेला असतो, म्हणून वेगळं तिकीट काढून पैसे घालवू नयेत. गुडघे बरे असतील तर वर चढत जावं आणि रेल्वेनं उतरावं. पायवाट दगडी फरसबंदीची आणि खडी आहे. बागेत आणि सज्जांवर जायला पैसे पडत नाहीत; तिकीट लागतं ते आतल्या चौकासाठी, तळघरातल्या मोठ्या पिंपासाठी आणि औषधशास्त्राच्या संग्रहालयासाठी. बहुतेक लोकांचं चुकतं ते इथंच. ते सरळ चौकात जातात, पिंप बघतात, गावाचा फोटो काढतात आणि परततात. किल्ल्याची खरी गोष्ट सांगणारा बुरूज चौकाबाहेर, बागेच्या बाजूला, कोरड्या खंदकात आहे.

त्याला फुटका बुरूज म्हणतात. बंदुकीची दारू साठवायचा हा बुरूज, भिंतीची जाडी साडेसहा मीटरच्या आसपास. १६९३ मध्ये फ्रेंच सुरुंगवाल्यांनी त्याच्या पोटात स्फोट केला. भिंत इतकी भक्कम होती की तिच्या ठिकऱ्या झाल्या नाहीत. जवळपास अर्धा बुरूज अखंड तुकड्यानं सुटला, घसरला आणि खंदकात जाऊन कलला. तो तुकडा तिनशे वर्षांहून अधिक काळ तिथंच पडून आहे. बागेच्या कठड्याशी उभं राहिलं की बुरुजाचा आडवा छेद समोर येतो. मजल्यांचे गोल घुमट, मधला जाड खांब, आतल्या बाजूला ओबडधोबड दगड आणि बाहेरून घडीव चिरे. वास्तुशास्त्राच्या पुस्तकात छेद काढून दाखवावा लागतो. इथं तो सुरुंगानं काढून ठेवलाय. जाड भिंत कशी बांधतात हे समजून घ्यायला युरोपात इतकी सोपी जागा क्वचितच असेल.

चौकात शिरलं की दोन महाल एकमेकांना काटकोनात उभे दिसतात, आणि मोडल्यावर काय करायचं या वादाच्या दोन बाजू म्हणजे हेच दोन महाल.

पूर्वेकडचा ओटहाइनरिशचा महाल. ओटहाइनरिश जेमतेम तीन वर्षं गादीवर होता, १५५६ ते १५५९. तेवढ्यात त्यानं राज्य प्रॉटेस्टंट केलं, विद्यापीठ सुधारलं, ग्रंथसंग्रह वाढवला आणि या महालाचं काम सुरू केलं. जर्मनीतल्या रेनेसाँस शैलीच्या सुरुवातीच्या मोठ्या इमारतींपैकी ही एक. दर्शनी भिंतीवर १६ पुतळे आहेत. खालून वर वाचत जावं: तळाशी जोशुआ, सॅमसन, हर्क्युलिस आणि डेव्हिड, म्हणजे बळ; वर श्रद्धा, प्रेम, आशा, न्याय असे सद्गुण; त्याच्या वर ग्रहदेवता. राजाची सत्ता कशावर उभी आहे याचं ते दगडी निवेदन आहे. आणि वरच्या मजल्यांच्या खिडक्यांतून पलीकडचं आकाश दिसतं, कारण मागं छप्परच नाही.

उत्तरेकडचा फ्रीडरिशचा महाल १६०१ ते १६०७ मधला. याला छप्पर आहे, खिडक्यांना काचा आहेत, आत दालनं आहेत. भिंतीवर घराण्यातल्या राजांचे पुतळे आहेत, पण ते नकला. मूळ पुतळे आत ठेवलेत.

फ्रेंचांनी मोडल्यावरही किल्ला दुरुस्त करायचे प्रयत्न झाले होते. पण १७२० मध्ये इलेक्टर कार्ल फिलिपनं राजधानी मानहाइमला हलवली. १७६४ मध्ये किल्ल्यावर वीज पडली, आग लागली, आणि पुन्हा राहायला यायचा विषयच संपला. त्यानंतर गावकरी तिथून बांधकामाला दगड नेऊ लागले. १८१० पासून शार्ल द ग्रँबेर नावाच्या एका फ्रेंच निर्वासितानं ही लूट थांबवण्यासाठी आयुष्य वेचलं. तो चित्रकार होता. किल्ल्याची चित्रं छापून त्यानं ती युरोपभर पोचवली आणि इथल्या वस्तूंचा संग्रह केला. फ्रेंचांनी मोडलेला किल्ला एका फ्रेंच माणसानं वाचवला, याची आठवण गावानं ठेवली आहे.

मग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रश्न आला: किल्ला पूर्ण बांधून काढायचा का? १८८३ मध्ये खास कचेरी उघडून युलिउस कोख आणि फ्रिट्स झाइट्स यांनी प्रत्येक भिंतीची मोजणी केली, नुकसान नोंदलं, नकाशे काढले. तज्ज्ञांचा निष्कर्ष असा की पूर्ण पुनर्बांधणी करू नये, आहे ते टिकवावं. तरी कार्ल शेफर या वास्तुविशारदाकडे फ्रीडरिशचा महाल दिला गेला आणि १९०० पर्यंत त्यानं तो दुरुस्त करून आतली दालनं त्याला वाटलेल्या रेनेसाँस थाटात सजवली. त्यानंतर ओटहाइनरिशच्या महालाची पाळी होती. तेव्हा मात्र आरडाओरडा झाला. कलेतिहासाचे प्राध्यापक गेओर्ग डेहिओ यांनी १९०१ मध्ये जाहीर विरोध केला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: यात आपण अस्सल गमावू आणि नक्कल कमावू. राखावं, पुन्हा घडवू नये. कित्येक वर्षं वाद चालला आणि ओटहाइनरिशचा महाल बिनछपराचाच राहिला.

मला डेहिओंची बाजू पटते, आणि ती पटण्यासाठी दोन्ही महाल पाठोपाठ बघावे लागतात. शेफरच्या दालनांत काम उत्तम आहे, कारागिरीत खोट काढता येत नाही. पण तिथं उभं राहून सतराव्या शतकाबद्दल काहीच कळत नाही, कळतं ते १९०० मधल्या लोकांना सतरावं शतक कसं हवं होतं ते. बिनछपराच्या भिंतीवर मात्र जळल्याच्या खुणा, तुळयांच्या खाचा, चुलाण्यांचे धुरांडे जागच्या जागी आहेत.

पडकं तसंच ठेवणं म्हणजे हात न लावणं, असं समजणं चूक आहे. उलट पडकं राखायला पक्क्या इमारतीपेक्षा जास्त देखरेख लागते. छप्पर असतं तेव्हा पाऊस भिंतीच्या माथ्यावर पडत नाही. छप्पर गेलं की पाणी माथ्यातूनच आत शिरतं, दोन्ही बाजूंच्या घडीव दगडांमधल्या भरावात मुरतं, थंडीत गोठून फुगतं आणि चिरे बाहेर ढकलतं. म्हणून माथ्यावर उताराचा थर देऊन पाणी बाहेर काढावं लागतं. इथला दगड तांबडा वाळूचा. लोहामुळे तो रंग येतो. घडवायला मऊ, पण थराथरांनी बनलेला. थर उभे बसले असतील तर पापुद्रे सुटतात. दरजा भरायला कडक सिमेंट वापरलं तर ओल दरजेतून बाहेर पडू शकत नाही, ती दगडातून वाट काढते, आणि मग दगडच झिजतो. म्हणून चुना लागतो, दगडापेक्षा मऊ. आयव्हीचा वेल चित्रात सुंदर दिसतो, पण त्याची मुळं दरजा उकलतात. ती काढावी लागतात, आणि दरवर्षी.

पिंपाबद्दल थोडक्यात. तळघरातलं मोठं पिंप १७५१ चं, १३० ओक झाडांचं, क्षमता मुळात २ लाख २१ हजार लिटरच्या वर. लाकूड आकसल्यानं आता थोडी कमी. द्राक्षबागायतदारांकडून कर म्हणून येणारी दारू एकत्र ओतायला ते होतं. वेगवेगळ्या मळ्यांची दारू एकात मिसळल्यावर चव काय राहत असेल, याची कल्पना करता येते. ते फारच थोडा काळ वापरात होतं. त्याच्या समोर पेर्केओ या बुटक्या विदूषकाचा लाकडी पुतळा आहे. लोक इथं सर्वांत जास्त वेळ देतात. मला वाटतं तेवढ्या वेळात फुटक्या बुरुजाकडे जाऊन यावं.

खाली पुन्हा बाजारचौकात. पवित्र आत्म्याचं चर्च १३९८ मध्ये सुरू झालं. बाहेरून दिसणारी पहिली नवलाची गोष्ट म्हणजे भिंतीच्या आधारखांबांमधल्या फटींत बसवलेली छोटी दुकानं. देवळाला चिकटून दुकानं मध्ययुगात सगळीकडे असत, बाकी बहुतेक ठिकाणी ती काढून टाकली, इथं राहिली.

आत गेल्यावर वर बघावं. बाजूच्या दालनांवर रुंद सज्जे आहेत, मोठ्या खिडक्यांतून भरपूर उजेड येतो. तो उजेड वाचणाऱ्यांसाठी होता. याच सज्ज्यांवर पॅलॅटिनेटचं ग्रंथालय होतं, बिब्लिओथेका पॅलॅटिना, त्या काळच्या युरोपातल्या सर्वांत नावाजलेल्या ग्रंथसंग्रहांपैकी एक. १६२२ मध्ये, तीस वर्षांच्या युद्धात, कॅथलिक बाजूचा सेनापती टिली याच्या सैन्यानं हायडेलबर्ग घेतलं. बव्हेरियाच्या माक्सिमिलियननं ही लूट पोपला भेट द्यायचं ठरवलं. पोपनं लेओ अल्लात्सी या विद्वान ग्रंथपालाला पाठवलं. त्यानं काम फार पद्धतशीर केलं. सुमारे साडेतीन हजार हस्तलिखितं आणि हजारो छापील पुस्तकं निवडली, वजन कमी व्हावं म्हणून बहुतेकांचे लाकूड-चामड्याचे पुठ्ठे काढून टाकले, आणि १६२३ मध्ये १९६ पेट्या बांधून खेचरांवर लादून आल्प्सपार रोमला नेल्या. पुठ्ठे गेले आणि त्यांच्यासोबत कुणाचं पुस्तक, केव्हा बांधलं, कुठून आलं, या खुणाही गेल्या. मला या सगळ्या हकिकतीत तोटा म्हणून हाच भाग सर्वांत जास्त सलतो. पुस्तकं निदान टिकली. एका परीनं लुटीनंच ती वाचवली, कारण इथंच राहिली असती तर १६९३ मध्ये चर्चसकट जळाली असती.

नेपोलियनच्या पाडावानंतर १८१६ मध्ये ८४७ जर्मन हस्तलिखितं परत आली. लॅटिन आणि ग्रीक रोमलाच राहिली. कोडेक्स मानेसं हे चौदाव्या शतकातलं प्रेमकवितांचं सचित्र हस्तलिखित मात्र त्या लुटीत नव्हतं; ते आधीच बाहेर पडून पॅरिसच्या राजग्रंथालयात गेलं होतं. स्ट्रासबुर्गचा ग्रंथविक्रेता कार्ल ट्र्यूबनर यानं एक गुंतागुंतीचा सौदा जुळवला. फ्रान्सच्या ग्रंथालयांतून चोरीला जाऊन इंग्लंडमध्ये पोचलेली हस्तलिखितं मिळवून ती पॅरिसला दिली आणि १८८८ मध्ये मानेसं हायडेलबर्गला आणलं. ४२६ चर्मपत्री पानं आणि त्यांत १३७ पानभर चित्रं. मूळ प्रत तिजोरीत असते. विद्यापीठ ग्रंथालयात तिची हुबेहूब नक्कल मांडलेली असते. मूळ बघायला मिळेल या आशेनं जाऊ नये. पण जर्मन हस्तलिखितं सगळीच्या सगळी ग्रंथालयानं स्कॅन करून इंटरनेटवर फुकट ठेवली आहेत, आणि रोममधली लॅटिन हस्तलिखितंही व्हॅटिकनच्या सहकार्यानं त्यांत आणली. खेचरांवरून गेलेला संग्रह असा पडद्यावर पुन्हा एकत्र आला. त्याआधी १९८६ मध्ये, विद्यापीठाच्या सहाशेव्या वर्षी, रोमहून काही ग्रंथ खरोखर आले होते आणि याच सज्ज्यांवर त्यांचं प्रदर्शन भरलं होतं.

याच चर्चला दोनशेहून अधिक वर्षं मधोमध भिंत होती. १७०६ च्या सुमारास चर्चचे दोन भाग केले: लांब दालन प्रॉटेस्टंटांचं आणि वेदीकडचा भाग कॅथलिकांचा. कार्ल फिलिपला सगळं चर्च हवं होतं. त्यानं १७१९ मध्ये भिंत पाडली, पण प्रॉटेस्टंट सत्तांच्या दबावामुळे ती पुन्हा बांधावी लागली. त्या रागातच त्यानं राजधानी मानहाइमला नेली. भिंत कायमची निघाली ती १९३६ मध्ये. दक्षिणेकडची एक तांबडी खिडकी अवश्य शोधावी. योहानेस श्रायटर यांनी केलेली ही काच १९८४ ची. तिच्यावर आइन्स्टाइनचं सूत्र आहे आणि एक तारीख आहे, ६ ऑगस्ट १९४५, हिरोशिमाची. अशा अनेक खिडक्या व्हायच्या होत्या, गावात जोरदार वाद झाला आणि एवढीच बसली.

विद्यापीठाचा जन्मही एका फुटीतून झालेला आहे. १३७८ पासून चर्चचे दोन पोप होते, एक रोमला आणि दुसरा आव्हिन्योंला. पॅरिसनं आव्हिन्योंची बाजू घेतली आणि रोमची बाजू धरणाऱ्या जर्मन प्राध्यापकांना तिथं राहणं अवघड झालं. त्यांच्यासाठी इलेक्टर रुप्रेश्त पहिला यानं रोमच्या पोपकडून परवानगी आणून १३८६ मध्ये विद्यापीठ काढलं. पहिला कुलगुरू मार्सिलिउस फोन इंगेन पॅरिसहूनच आलेला. ही सुरुवात सांगताना पुढचं एक पानही सांगायला हवं. १३९० मध्ये पुढच्या इलेक्टरनं गावातल्या ज्यूंना हाकललं, त्यांची घरं आणि पुस्तकं विद्यापीठाला दिली आणि सिनेगॉगचं चर्च केलं.

विद्यापीठ चौकात जमिनीत एक पाटी आहे. इथं ऑगस्टिनी मठ होता आणि एप्रिल १५१८ मध्ये मार्टिन लुथरनं आपली मतं इथं वादात मांडली. मठ गेला, चौक राहिला. त्याच चौकात १७ मे १९३३ रोजी नाझींनी पुस्तकं जाळली. तीही पाटी शोधून वाचावी.

समोरच्या नव्या इमारतीच्या दारावरची अक्षरं बघण्यासारखी आहेत. १९३१ ची ही इमारत अमेरिकन देणग्यांतून झाली. पैसे जमवले ते जेकब गूल्ड शर्मन यांनी, जे या विद्यापीठात शिकले होते आणि पुढं बर्लिनमध्ये अमेरिकेचे राजदूत झाले. दारावर साहित्याचे प्राध्यापक फ्रीडरिश गुंडोल्फ यांनी सुचवलेली ओळ आली: 'जिवंत चैतन्याला'. गुंडोल्फ ज्यू वंशाचे. नाझींनी १९३६ मध्ये 'जिवंत' काढून 'जर्मन' घातलं आणि खालच्या अथेना देवतेच्या जागी गरुड बसवला. १९३७ मध्ये तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांना, पत्नी ज्यू म्हणून, प्राध्यापकपदावरून काढलं. युद्धानंतर मूळ ओळ परत आली, अथेनाही आली.

जुन्या इमारतीमागच्या आउगुस्टिनरगास्से या बोळात विद्यार्थ्यांचा तुरुंग आहे. विद्यापीठाला स्वतःचं न्यायालय असे. विद्यार्थ्याला गावचे पोलीस शिक्षा करू शकत नसत. १७७८ पासून १९१४ पर्यंत हा तुरुंग वापरात होता. रात्री दंगा, दिवे फोडणं, दारू पिऊन धिंगाणा आणि द्वंद्वयुद्ध यांसाठी काही दिवसांपासून चार आठवड्यांपर्यंत शिक्षा असे. पहिले दिवस पाव आणि पाणी. मग बाहेरून जेवण मागवता येई आणि व्याख्यानाला जायची मुभा असे. भिंतीचा एक इंचही मोकळा नाही: टोप्या घातलेल्या चेहऱ्यांच्या काळ्या छाया, नावं, तारखा, मंडळांची चिन्हं. एका खोलीचं नाव त्यांनी 'सां सुसी' ठेवलं होतं, निश्चिंत महाल. हा सगळा रंग चुन्यावर आहे, हात लावला की निघतो. जिना अरुंद आहे, तेव्हा पाठीवरची पिशवी पुढं घ्यावी.

रसायनाच्या माणसांनी हाउप्टस्ट्रासेवर 'हाउस झुम रीझन' शोधावं. तिथं भौतिकशास्त्रज्ञ किर्खहोफ आणि रसायनशास्त्रज्ञ बुन्सन यांनी १८५९ मध्ये ज्वालेच्या प्रकाशाचं लोलकातून पृथक्करण केलं. त्यासाठी ज्वालेला स्वतःचा रंग असून चालत नाही, आणि बुन्सनच्या बर्नरमध्ये गॅस जळण्याआधीच हवेत मिसळत असल्यानं ती बिनरंगी असते. पुढच्याच वर्षी ड्युर्कहाइमच्या खनिज झऱ्याचं ४४ हजार लिटरहून अधिक पाणी आटवून त्यांनी सीझियम या नव्या मूलद्रव्याचे जेमतेम ७ ग्रॅम क्षार मिळवले, दोन निळ्या रेषांचा माग काढत.

जुन्या पुलाच्या जागी आधी आठ पूल होऊन गेले, लाकडी, आणि त्यातला शेवटचा १७८४ च्या हिवाळ्यात नदीवरचा बर्फ फुटून वाहून गेला. म्हणून इलेक्टर कार्ल थिओडोरनं दगडी बांधला. मार्च १९४५ मध्ये जर्मन सैन्यानंच माघार घेताना त्याच्या कमानी उडवल्या, अमेरिकन पोचायच्या आदल्या दिवशी. गावावर मोठा बॉम्बहल्ला झालाच नव्हता. जे मोडलं ते आपल्याच लोकांनी. पूल मात्र पडका ठेवायचा नव्हता. १९४७ पर्यंत तो जुन्या नमुन्यानंच उभा राहिला, आणि डेहिओंच्या तत्त्वाचं काय, असं कुणी विचारलं नाही. रोज नदी ओलांडायची असते तेव्हा उत्तर वेगळं येतं, आणि मला ते योग्यच वाटतं. पुलावर उभं राहून नवा-जुना दगड ओळखता येत नाही.

पूल ओलांडून समोरच्या डोंगरावर तत्त्वज्ञांची वाट आहे. तिथं चढायला सापासारखा वळणाचा दगडी जिना आहे, श्लांगनवेग. वीसेक मिनिटांचा, पावसानंतर निसरडा. किल्ला इथून बघायचा तो दुपार उलटल्यावर. सकाळी ऊन किल्ल्याच्या डोंगरामागून येतं आणि किल्ला काळा दिसतो. उतरतं ऊन पश्चिमेकडून थेट भिंतींवर येतं. मधला छपराचा महाल फ्रीडरिशचा, डावीकडे घंटेचा बुरूज आणि उजवीकडे अर्धा उडालेला जाड बुरूज, फुटक्या बुरुजाहून वेगळा. १९०७ मध्ये कवी मुहम्मद इक्बाल या गावात जर्मन शिकायला राहिले होते. नदीकाठच्या एका रस्त्याला त्यांचं नाव आहे.

मराठी माणसाला हायडेलबर्ग जवळचं वाटण्याचं कारण मात्र या फोटोत कुठेच दिसत नाही. विद्यापीठात १९६२ मध्ये दक्षिण आशिया संस्था सुरू झाली, आणि तिथं गुंथर सोन्थायमर यांनी महाराष्ट्रातल्या धनगरांच्या देवांवर काम केलं. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचा त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ मध्ये आला. त्याआधी विद्वानांचं लक्ष संस्कृत ग्रंथांकडे असे. सोन्थायमर माळावर गेले, मेंढपाळांच्या तोंडच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, जत्रा आणि पंढरीची वारी चित्रित केली. देव कोणत्या वाटेनं कोणत्या डोंगरावर आला, कुठल्या ओढ्याशी थांबला, हे ओवीत असतं आणि पोथीत नसतं, हे त्यांनी ओळखलं. ज्या विद्यापीठाचे ग्रंथ एकदा खेचरांवर लादून नेले गेले, तिथल्या माणसानं कधीच लिहिल्या न गेलेल्या ओव्या जपून ठेवाव्यात, याचं मला फार मोल वाटतं. सोन्थायमर १९९२ मध्ये गेले.

ही संस्था आता जुन्या गावात नाही, बेर्गहाइम भागात फोस्स्ट्रासे या रस्त्यावर आहे; रेल्वे स्थानक आणि जुनं गाव यांच्या मध्ये, पायी जाण्यासारखी. तिच्या ग्रंथालयात दक्षिण आशियातल्या भाषांची पुस्तकं आहेत, मराठीही. जाण्याआधी उघडण्याच्या वेळा बघून घ्याव्यात, कारण सत्रांच्या मधल्या सुट्टीत त्या बदलतात.